बेहडा, कवडी, चिंचोका आणि चिप : घरच्या डावाच्या साधनांचा इतिहास

१/ दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-नागपूरकडची मुले घरी परततात. यवतमाळातल्या एखाद्या माडीवर पाच-सहा मित्र जमतात आणि कुणीतरी सुचवते, "मेंढीकोट पुष्कळ झाला, या वेळी पोकर खेळू." लगेच दोन प्रश्न उभे राहतात. पत्ते कोणते आणायचे? आणि चिप म्हणून काय वापरायचे? प्रश्न किरकोळ वाटतात. पण विदर्भाच्या भूमीला ते फार जुन्या काळापासून ठाऊक आहेत. आजचा धागा त्यांच्या इतिहासाचा.

२/ आरंभी एक भेद लक्षात घेऊ. प्रत्येक डावाला दोन साधने लागतात. पहिले साधन नशीब वाटते : फासा, कवडी, पत्ता. दुसरे साधन हार-जीत मोजते : नाणे, दाणा, चिप. पहिले खोटे निघाले तर डाव बुडतो. दुसऱ्याला मर्यादा नसली तर खेळणारा बुडतो. या धाग्यात ही दोन वाक्ये निरनिराळ्या शतकांत पुन्हा पुन्हा भेटतील.

३/ भारतीय वाङ्मयात भेटणारे सर्वात जुने द्यूतसाधन कोणते? हस्तिदंती फासा नव्हे, सोन्याची सोंगटी नव्हे. ते होते बेहड्याचे फळ. संस्कृतात बिभीतक. त्रिफळाचूर्णातल्या हिरडा, बेहडा, आवळा या त्रयीतला मधला. यवतमाळ जिल्ह्याच्या सागवानी जंगलांतही हे झाड भेटते. वैदिक काळी या फळांचा ढीग पटावर ओतत. त्यातून मूठ उचलायची आणि संख्येला चाराने भाग जातो का ते पाहायचे, असा तो खेळ असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. निःशेष भाग गेला तर तो 'कृत', सर्वोत्तम डाव.

४/ ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले ३४ वे सूक्त 'अक्षसूक्त' म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात एक जुगारी स्वतःची कहाणी सांगतो. पत्नी दुरावली, सासू द्वेष करते, कर्जासाठी कुणी दारात उभे करत नाही. तरी पटावर बेहड्यांचा आवाज झाला की पाय तिकडेच वळतात. सूक्ताच्या शेवटी त्याला उपदेश मिळतो : फासे सोड, आपले शेत नांगर, जे आहे त्यात समाधान मान. जिथे कापसाचे भाव आणि पावसाचा लहरीपणा यांवर घराचे वर्ष ठरते, त्या जिल्ह्यातल्या वाचकाला हा उपदेश वेगळ्याच अर्थाने भिडेल.

५/ आता थेट विदर्भात येऊ. महाभारताच्या वनपर्वात नलोपाख्यान आहे. दमयंती ही विदर्भराज भीमाची कन्या, राजधानी कुंडिनपूर. परंपरेने हे स्थान अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठी असलेले कौंडिण्यपूर मानले जाते. हीच वर्धा पुढे यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरून वाहते. दमयंतीचा पती, निषधराज नल, आपला भाऊ पुष्कर याच्याशी द्यूत खेळायला बसतो आणि हा डाव महिनोन्‌महिने चालतो.

६/ नलाच्या डावात मोजणीचे साधनच नव्हते. सोने, रथ, घोडे, वस्त्रे, शेवटी राज्य. जे हाताला येईल ते तो पणाला लावत गेला. "इथवरच" असे म्हणणारी एकही वस्तू त्या पटावर नव्हती. पती ऐकत नाही हे ओळखून दमयंतीने मुलांना सारथ्याबरोबर माहेरी, विदर्भात, पाठवून दिले. अखेर पुष्कराने दमयंतीलाच पणाला लावायला सुचवले तेव्हा नल उठला. पण तोवर अंगावरच्या एका वस्त्राखेरीज काही उरले नव्हते.

७/ याच कथेत उताराही आहे. वेषांतर केलेला नल राजा ऋतुपर्णाचा रथ घेऊन विदर्भाकडे निघतो. वाटेत एक बेहड्याचे झाड लागते. ऋतुपर्ण धावत्या रथातून त्याची पाने आणि फळे किती, हे अचूक सांगतो. नल थांबून मोजून खात्री करतो आणि राजाकडून 'अक्षहृदय' ही विद्या मिळवतो. म्हणजे ज्या झाडाच्या फळांनी जुगार चाले, त्याच झाडाखाली त्याला गणित मिळाले. पोकरचा गाभाही हाच. ५२ पत्त्यांतून ५ पत्त्यांचे हात २५,९८,९६० प्रकारे पडू शकतात. त्यातले सर्वोच्च, म्हणजे रॉयल फ्लश, केवळ ४.

८/ राज्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे कसे पाहिले? कौटिल्याचे अर्थशास्त्र येथे फार व्यवहारी आहे. द्यूत एकाच ठरलेल्या ठिकाणी व्हावे. तेथला द्यूताध्यक्ष शुद्ध कवड्या आणि फासे पुरवील. कुणी ते बदलून आपले घुसवले तर १२ पण दंड. जिंकलेल्या रकमेतून राज्याला शेकडा ५. नीतिबोध जवळजवळ नाहीच. भर आहे तो साधनांच्या शुद्धतेवर आणि हिशेबावर. घरी डाव मांडणाऱ्या यजमानाने यातला पहिला धडा अवश्य घ्यावा : साधने एकानेच पुरवावीत आणि सर्वांसमक्ष मोजून द्यावीत.

९/ मराठीच्या आद्य गद्यग्रंथातही द्यूत आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'त श्रीचक्रधरस्वामींच्या पूर्वाश्रमाची कथा येते. भरुच येथील प्रधानपुत्र हरिपाळदेव द्यूतात मोठी रक्कम हरतात. देणे फेडण्यासाठी पत्नीकडे अलंकार मागतात. ती नकार देते. या प्रसंगाने त्यांचे मन संसारातून उठते. पुढे रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने ते घर सोडतात आणि वऱ्हाडातल्या ऋद्धिपुरात त्यांना श्रीगोविंदप्रभू भेटतात. एका हरलेल्या डावाची सावली मराठी वाङ्मयाच्या आरंभावर अशी पडली आहे.

१०/ असे असूनही समाजाने डावाला वर्षातले काही दिवस मोकळे ठेवले. कोजागरीच्या रात्री जागरणासाठी अक्षक्रीडा सांगितली आहे. बलिप्रतिपदेचे एक नावच 'द्यूतप्रतिपदा'. विदर्भात पोळ्याच्या सुमारासही पारावर पत्त्यांचे डाव बसतात. सणाची मुभा ही कालमर्यादाच होती : त्या रात्री खेळा, सकाळी उठा.

११/ मोजणीचे साधन म्हणून आपल्याकडे कवडी दीर्घकाळ टिकली. ती मालदीवच्या समुद्रातून येई आणि हलक्यात हलके चलन म्हणून चाले. तीच सारीपाटावर फाशाचे काम करी. नशीब वाटणारी आणि हार-जीत मोजणारी अशा दोन्ही भूमिका एकाच शिंपल्याने निभावल्या. चलनातून ती गेली, भाषेत उरली : कवडीमोल, फुटकी कवडी, कवडीचुंबक. घरच्या डावात कवडी लावण्यामागचे शहाणपण याच शब्दांत आहे. हरली तरी कवडीच हरते.

१२/ आणि पत्ते? भारतातल्या पत्त्यांची एक जुनी लिखित नोंद बाबराच्या आत्मचरित्रात सापडते : १५२७ मध्ये त्याने सिंधच्या शाह हसनला गंजिफांचा संच पाठवला. पुढे अबुल फझलने 'आईन-इ-अकबरी'त या खेळाचे वर्णन केले. आठ रंग, प्रत्येकात १२ पत्ते, एकूण ९६. रंगांची नावे वाचली तर राज्यकारभाराचा आराखडाच दिसतो : ताज म्हणजे मुकुट, शमशेर म्हणजे तलवार, सुर्ख म्हणजे सोन्याचे नाणे, सफेद म्हणजे रुप्याचे नाणे, बरात म्हणजे सनद, किमाश म्हणजे माल, शिवाय गुलाम आणि चंग. आपला आजचा 'गुलाम' तेथे एका पूर्ण रंगाचे नाव होता.

१३/ या खेळाला देशी रूप मिळाले ते दशावतारी गंजिफात. दहा अवतार, दहा रंग, १२० पत्ते. मासा दिसला की मत्स्य, कासव दिसले की कूर्म, परशू दिसला की परशुराम, तलवार दिसली की कल्की. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. राणी नाही. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, निम्म्यांत एक्काच मोठा. दिवसा खेळ असेल तर रामाच्या रंगाने आरंभ, रात्री असेल तर कृष्णाच्या. पोकरमध्ये एक्का सलग पाच पत्त्यांच्या दोन्ही टोकांना चालतो, हे ऐकून गंजिफा खेळणाऱ्या आजोबांना मुळीच नवल वाटले नसते.

१४/ महाराष्ट्रात या कलेचे माहेर सावंतवाडी. भोसले संस्थानिकांच्या आश्रयाने चितारी कुटुंबांनी ती जोपासली. कृती पाहण्यासारखी आहे : कागदाचे वा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर खडूचा लेप द्यायचा, दगडाने घोटून गुळगुळीत करायचे, गोल कापायचे, नैसर्गिक रंगांनी चित्र काढायचे आणि शेवटी लाखेचा हात द्यायचा. संच ठेवायला रंगीत लाकडी डबी. चिंचोक्याची ही खळ लक्षात ठेवा. धाग्याच्या शेवटी चिंचोका पुन्हा भेटणार आहे.

१५/ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही कला जवळजवळ विझली होती. पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताच्या हातात ती उरली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती शिकून घेतली, राजवाड्यात कार्यशाळा उभी केली आणि नव्या पिढीचे हात तयार केले. आज सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागीर काम करताना दिसतात. पण बहुतेक संच भिंतीवर किंवा कपाटात जातात. खेळले जाणारे विरळा.

१६/ गंजिफा मागे का पडली? कारण केवळ फॅशनचे नाही. हाताने रंगवलेला प्रत्येक पत्ता थोडा वेगळा असतो. सरावलेला खेळाडू पाठीवरच्या ओरखड्यावरून पत्ता ओळखू लागतो. लंडनच्या थॉमस द ला रू याने १८३१ मध्ये पत्त्यांच्या छपाईचे पेटंट घेतले आणि एकसारखे पत्ते स्वस्तात निघू लागले. नक्षीदार पाठ, दोन्ही बाजूंनी सुलट दिसणारे राजा-राणी, कोपऱ्यातला अंक या सुधारणा त्याच शतकात रुजल्या. कोपऱ्यात अंक आल्यामुळे पत्ते पंख्यासारखे धरून एका दृष्टिक्षेपात वाचता येऊ लागले. छापील पत्ता सुंदर कमी, प्रामाणिक अधिक होता.

१७/ याच शतकात अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या परिसरात पोकर आकाराला आला. आरंभी तो २० पत्त्यांचा होता, पुढे ५२ चा झाला. फ्रेंच 'पोक', जर्मन 'पोख', इराणी 'आस-नास' अशा अनेक खेळांशी त्याचे नाते जोडले जाते. वाद अजून मिटलेला नाही. आपल्या तीन पत्तीचे कूळ मात्र इंग्रजी 'थ्री कार्ड ब्रॅग'कडे जाते. दोन्ही खेळांत एक गोष्ट समान : पत्त्यांइतकेच महत्त्व बोलीला. म्हणूनच येथे मोजणीचे साधन गौण राहत नाही. चिपशिवाय पोकर उभाच राहू शकत नाही.

१८/ चिपचे पूर्वज कोण? अठराव्या शतकात चीनच्या कँटन बंदरातून इंग्लंडमध्ये शिंपल्याच्या कोरीव चकत्या जात, काही गोल, काही चक्क माशाच्या आकाराच्या. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधली लिडिया आपण किती 'मासे' हरलो आणि किती जिंकलो हे सांगत घरी येते, ते हेच. अमेरिकेत हाड, हस्तिदंत, लाकूड यांच्या चकत्या चालत. १८८० च्या दशकापासून मातीच्या मिश्रणाच्या चिप रूढ झाल्या. वेगवेगळे रंग म्हणजे वेगवेगळी किंमत आणि सहज नक्कल न होणारा ठसा, हे त्यांचे दोन गुण.

१९/ आता कापसाच्या जिल्ह्याने लक्ष द्यावे अशी गोष्ट. मुंबईचा 'मटका' जन्मला तो कापसातून. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचे उघडते आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईला येत आणि लोक त्या आकड्यांवर पैसे लावत. १९६१ च्या सुमारास ते भाव येणे थांबले, तेव्हा चिठ्ठ्या मडक्यात घालून आकडे काढले जाऊ लागले. पुढे पत्त्यांच्या जोडातून पत्ते ओढून आकडा ठरू लागला. ज्या पिकावर वऱ्हाडातला शेतकरी पोट भरत होता, त्याच्या भावाच्या आकड्यावर दूरच्या महानगरात डाव लागत होते.

२०/ कायदा काय म्हणतो? १८८७ चा मुंबईचा जुगार प्रतिबंध कायदा आजही महाराष्ट्रात, आता महाराष्ट्राच्या नावाने, लागू आहे. तो झाला तेव्हा यवतमाळ मुंबई इलाख्यात नव्हते, वऱ्हाडात होते. या कायद्याचा एक कणा असा : घरात जुगाराची साधने ठेवून मालक त्यातून स्वतःचा लाभ काढत असेल तर ते घर जुगारगृह. बोलीभाषेत या लाभाला 'नाल' म्हणतात. कौटिल्याचा शेकडा ५ राज्याचा होता. खासगी नाल हा गुन्हा. पोलिसांच्या मुद्देमालाच्या यादीत रोकडीबरोबर '५२ ताशपत्ते' हमखास असतात, ते यामुळेच.

२१/ सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटले आणि तीन पत्तीसारख्या खेळांना निव्वळ नशिबाचे. पोकरबाबत उच्च न्यायालयांची मते एकसारखी नाहीत. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने तर पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, कौशल्य असो वा नशीब, बंदी आणली. मोबाइलवरच्या डावात काय घडत होते, ते नलाच्या कथेने आधीच सांगितले आहे : समोर माणूस नाही, सकाळ होत नाही, हातातली चिप दिसत नाही, खाते रिकामे झाल्यावरच कळते. त्यामुळे घरच्या डावाचा पहिला नियम साधा : पैसा बाहेर.

२२/ आता खरेदी. पत्ते दोन आकारांत मिळतात : ६३ मिलिमीटर रुंदीचे पोकर आणि ५७ मिलिमीटरचे ब्रिज, उंची दोहोंची सुमारे ८८. रमीत १३ पत्ते हातात धरायचे असतात, म्हणून अरुंद बरे. पोकरमध्ये दोन किंवा पाच, म्हणून रुंद चालतात. दिवाळीत चकलीचे हात पत्त्यांना लागणारच. तेव्हा पुसता येतील असे प्लास्टिकचे घ्यावेत. पाठीची नक्षी उलटसुलट एकसारखी हवी. दोन वेगळ्या रंगांचे जोड घ्या; एक वाटला जाताना दुसरा पिसता येतो. जोकर काढून ठेवा आणि ५२ मोजूनच बसा.

२३/ सहा जणांना ३०० चिप पुरतात, प्रत्येकी ५०. चार रंग, चार किमती : १ च्या २०, ५ च्या २०, २५ च्या ८, १०० च्या २. बेरीज ५२०. ही किंमत गुणांची, रुपयांची नव्हे. संपल्या की तो खेळाडू पत्ते वाटायला बसतो. नव्या चिप मिळत नाहीत. नलाच्या पटावर नेमकी हीच सोय नव्हती.

२४/ आणि चिप विकत आणायच्या नसतील तर? आजीला विचारा. पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांत पत्त्यांचे डाव चिंचोक्यांवर खेळले गेले. चिंचोका १, कवडी ५, सागरगोटा २५, बेहडा १००. फक्त मोजून द्या. अंगणात चिंच असेल तर कुणाच्याही खिशात चिंचोके असू शकतात! ज्याच्या खळीने सावंतवाडीचा पत्ता ताठ उभा राहिला, तोच चिंचोका येथे हार मोजतो. रात्री तो डब्यात परत जातो. सकाळी जिंकलेला आणि हरलेला एकाच ताटात फराळ करतात.

धागा समाप्त. तुमच्या घरी हार-जीत कशावर मोजत असत, ते खाली अवश्य लिहा. कुणाकडे जुनी गंजिफा असेल तर ती माळ्यावरून खाली काढा. निदान पत्ते मोजून पाहा.